भाटकार, मुंडकार आणि दंडाची पावती

1 एप्रिल 1957 या दिवशी तेरेखोल नदीच्या उत्तर काठावरची कुळे जमिनीची मालक झाली. मुंबई राज्याच्या कुळकायद्याने तो कृषकदिन म्हणून ठरवला होता. आरोंद्याला, सातार्ड्याला भातशेती कसणाऱ्यांची नावे तलाठ्याच्या दप्तरात चढू लागली. कुठे मालकांनी आधीच कुळांना हुसकावले होते, कुठे भिडेखातर कुळांनीच ‘मला जमीन नको’ असे लिहून दिले. तरी कायदा झाला होता आणि तो कोणाच्या बाजूने आहे हे गावाला समजले होते. नदीच्या दक्षिण काठावर पेडणे. बोली तीच, देवदेवस्की तीच, लेकीसुना एकमेकांच्या गावात दिलेल्या. पण हा काठ पोर्तुगालचा. दोनच वर्षांपूर्वी, 15 ऑगस्ट 1955 ला, पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि ये-जा बंद झाली होती. पलीकडचा मेहुणा मालक झाल्याची बातमी अलीकडच्या भावोजीला उशिरा का होईना कळली असणार. कळून उपयोग काय? त्याचे शेत तर भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, होतेच; ज्या चार भिंतींत तो ही बातमी ऐकत होता त्यांच्याखालची जमीनही भाटकाराचीच होती.

घरमालकाने नियम मोडला तर त्याला किती दंड करावा, हा प्रश्न आज शहरी वाटतो. भाडेकरार, अनामत रक्कम, गळके छत, पोलिसांकडे भरायचा अर्ज असे सगळे डोळ्यांपुढे येते. गोव्यात, विशेषतः पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत, हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. आधी विचारावे लागले की नियम आहे का. मग विचारावे लागले की घर कोणाचे. दंडाचा आकडा यायला पुढे अर्धशतक जावे लागले, आणि आला तेव्हा तो भलत्याच दारात येऊन उभा राहिला.

तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले. पेडणे, डिचोली, सत्तरी हा मुलूख मात्र सावंतवाडीकर भोसल्यांचा होता आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो हस्तांतरित झाला. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत हवी म्हणून खेम सावंतांनी 1788 मध्ये पेडण्यावरचा हक्क सोडला. म्हणजे हा प्रदेश पोर्तुगीजांनी बाटवाबाटवीच्या काळात घेतलेला नव्हे. नव्या काबिजादीतल्या लोकांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही असे धोरण होते आणि चालीरीतींबरोबर जमिनीची उतरंडही जशीच्या तशी राहिली. देसाई, मोकासदार, देवस्थाने आणि त्यांचे महाजन यांच्याकडे गावेच्या गावे राहिली. पेडण्याच्या देशप्रभूंना तर पोर्तुगालच्या राजाने व्हिस्कोंद ही पदवी दिली. हिंदू देशमुखी घराणे आणि युरोपीय सरदारकी एकाच वाड्यात नांदत होती. डिचोलीतल्या मये गावाची मालकी एका पोर्तुगीज काउंट घराण्याकडे होती. त्या गावाकडे पुढे यावेच लागेल.

या जमिनींवर मुंडकार राहत. नारळीच्या भाटात, कुळागराच्या कडेला, देवळाच्या आवारापलीकडे भाटकार त्यांना घर बांधायला जागा देई. मातीच्या भिंती, वर चुडतांचे छप्पर, पुढे सारवलेले अंगण, मागे मिरच्या-वांग्यांचे परसू. भाडे नसे. भाड्याऐवजी राखण असे: नारळ चोरीला जाऊ नयेत, गुरे आत शिरू नयेत, नारळ पाडणारा पाडेली आला की पडलेले नारळ मोजून वाड्यावर पोचवावेत. भाटकाराच्या घरी लग्न असले की मुंडकाराची सगळी माणसे मांडवात राबत. चतुर्थीला परसवातला पहिला दोडका वाड्यावर जाई. यातले काहीच लिहिलेले नसे. भाटकाराकडे पोर्तुगीज दप्तरातले नोंदणीचे उतारे, सनदा, मात्रीज या महसुली नोंदवहीतली नोंद. मुंडकाराकडे आजोबांनी लावलेला माड आणि शेजाऱ्याची साक्ष.

हे नाते नुसते जुलमाचे होते असे म्हणणे सोपे आहे आणि पुरते खरे नाही. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात भाटकाराने हात दिल्याच्या आठवणी जुन्या घरांत आजही सांगतात. पण ती मेहेरबानी होती आणि मेहेरबानीला कोर्टात किंमत नसते. मर्जी फिरली की छपरावरची चुडते बदलायला मनाई होई. पावसाळ्याच्या तोंडावर एवढी मनाई पुरे. माणसाला घराबाहेर काढायला शिपाई पाठवावा लागत नसे.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या आणि दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता घेतली. या पक्षाचे नाव निघाले की महाराष्ट्रात विलीनीकरणाचीच चर्चा होते. ती निम्मीच गोष्ट. पेडण्या-डिचोलीच्या वाड्यावाड्यांत हा पक्ष रुजला तो ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ या घोषणेवर. विरोधातल्या युनायटेड गोवन्सकडे भाटकारांचा पक्ष म्हणून पाहिले जाई. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण 34,021 मतांनी फेटाळले गेले. तरी पेडण्यात, डिचोलीत कौल विलीनीकरणाकडे झुकला होता. त्या मतांमागे मराठीचे प्रेम होतेच. त्याबरोबर पलीकडच्या काठावर 1957 मध्ये काय झाले याची आठवणही असावी, असे मला वाटते. मुंबई सरकारने जे दिले ते पणजीचे सरकार देईल की नाही, याची खात्री त्या वेळी कोणाला होती? गंमत म्हणजे या घोषणेचा नेता स्वतः खाणमालक होता. बांदोडकरांनी कुळांची बाजू घेतली ती जमिनीवरच्या पिकापुरती, जमिनीखालच्या लोखंडापुरती नव्हे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

पहिला कायदा शेताचा झाला. गोवा, दमण आणि दीव कृषी कुळवहिवाट कायदा 1964 चा, अंमल 8 फेब्रुवारी 1965 पासून. त्याने खंडाला मर्यादा घातली आणि कुळाला मनमानी काढण्याला आळा घातला. पण या कायद्याने एक फट उघडीच ठेवली. शेत आणि घर एकाच भाटकाराचे असे. शेतावर कुळ म्हणून नाव लावायला गेलेला माणूस संध्याकाळी भाटकाराच्याच जमिनीवर झोपायला येई. शेताचा हक्क मागितलास तर घर खाली कर, एवढे म्हटले की अर्ज मागे. ही फट सरकारच्याही ध्यानात आली. 1971 मध्ये मुंडकार, शेतमजूर आणि गावचे कारागीर यांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. नावातच कारागीर आहेत हे लक्षात घ्या. सुतार, कुंभार, महार, न्हावी हेही असेच कोणाच्या तरी जमिनीवर राहत होते. हा कायदा तात्पुरत्या टेकूसारखा होता. त्याने हुसकावणे थांबवले, पण घर कोणाचे हे सांगितले नाही.

12 ऑगस्ट 1973 ला बांदोडकर अकस्मात गेले आणि त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्या डिचोलीच्या आमदार होत्या. त्यांच्या कारकिर्दीत मुंडकार कायदा झाला. नाव 1975 चे, अंमल 12 मार्च 1976 पासून. शेताच्या बाबतीतही कुळवहिवाट कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि 20 एप्रिल 1976 हा गोव्याचा कृषकदिन ठरला. म्हणजे पलीकडच्या काठानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी. देशात आणीबाणी होती. जमीनदारांच्या विरोधात कायदा करायला तो काळ सोयीचा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पाचव्या दुरुस्तीला भाटकारांनी कोर्टात आव्हान दिले. शेवटी 1984 च्या 47 व्या घटनादुरुस्तीने ती नवव्या परिशिष्टात गेली तेव्हा कुठे तिला आडोसा मिळाला.

मुंडकार कायदा वाचताना पहिल्यांदा नजरेत भरते ते हे, की तो भाटकाराला दंड करून थांबत नाही. तो त्याच्याकडून घराखालची जमीनच काढून घेतो. मुंडकाराला कायद्याबाहेर काढता येणार नाही. हक्क वारसांना जाईल. वाट, विहीर, दुरुस्ती, वीज यांत आडकाठी चालणार नाही. आणि मुंडकाराने मागणी केली तर मामलेदार किंमत ठरवून घर व त्याभोवतीची जमीन त्याला विकत देईल, पंचायत हद्दीत 300 चौरस मीटरपर्यंत आणि शहरी हद्दीत 200. भाटकाराने ‘विकणार नाही’ म्हणायची सोय नाही. केरळात 1 जानेवारी 1970 पासून जमीनदाराच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्यांना असाच हक्क मिळाला होता, खेड्यात दहा सेंट, नगरपालिकेत पाच, महानगरात तीन. तिथे त्यासाठी रस्त्यावरची मोठी चळवळ झाली. गोव्यात मतपेटीने बरेचसे काम केले. म्हणून की काय, गोव्यात कायदा पुढे गेला आणि माणसे मागे राहिली.

यातले सगळ्यात चमत्कारिक कलम व्याख्येतच आहे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने कायम वस्ती करून राहणारा माणूस. त्याने सेवा करावी की करू नये हा मुद्दा गौण. पण घराचे भाडे देणारा मुंडकार नव्हे. पगारी नोकर म्हणून राहणारा नव्हे, राखणदारीसाठी ठेवलेला पगारदारही नव्हे. भाडे देणाऱ्यांसाठी 1968 चा इमारत भाडे आणि निष्कासन नियंत्रण कायदा होता, त्यात भाडेनियंत्रक, वाजवी भाडे, बाहेर काढण्याची ठरीव कारणे. डिचोली, साखळी, पेडण्याच्या बाजारपेठेतल्या भाडेकरूंना तो लागू. त्याने त्यांचे छप्पर वाचवले, मालकी दिली नाही. मुंडकार कायदा मालकी देत होता. साहजिकच एरवी भाडेकरूची ढाल असलेली भाड्याची पावती इथे त्याच्यावरच उलटली. महिना दोन-चार रुपयांची पावती भाटकाराने आपुलकीने हातात ठेवली आणि मुंडकाराने ती देवघरात जपून ठेवली, तर मामलेदारापुढे तीच पावती भाटकाराच्या वकिलाच्या कामी येई. ‘हा मुंडकार नव्हे, भाडेकरू आहे.’ ज्याने कधी काही दिले नाही, काही लिहून घेतले नाही, त्याची बाजू भक्कम. कायदा करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण निरक्षर माणसाने कागदापासून दूर राहावे असा धडा देणारा कायदा विचित्रच म्हणायचा.

कागदापासून दूर राहूनही भागणार नव्हते, कारण याच वर्षांत गोव्यात जमिनीची नवी मोजणी चालू होती. 1968 च्या जमीन महसूल संहितेखाली गावोगाव नकाशे झाले आणि नमुना एक व चौदा तयार झाला, ज्याला गोव्यात आजही सगळे ‘एक-चौदा’ म्हणतात. वर मालकाचे नाव, मध्ये कुळाचे, आणि एका बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना. मुंडकाराचे घर त्या रकान्यात येते. मोजणीदार आला त्या दिवशी जो मुंडकार घरी होता, ज्याने धीर करून ‘हे माझे घर’ म्हटले, त्याचे नाव चढले. जो कामाला मुंबईला किंवा खाणीवर गेला होता, किंवा भाटकाराच्या माणसादेखत बोलायला कचरला, त्याचा रकाना कोरा राहिला. सर्व्हेच्या नोंदी खोट्या ठरेपर्यंत खऱ्या धरायच्या असतात. त्या एका दिवसाचा भार पुढच्या पिढ्यांनी वाहिला. भाटकारांना दंडाच्या रकमेची भीती कधीच नव्हती. त्यांना भीती होती ती या रकान्याची. आजही मुंडकाराच्या केसमध्ये सगळी लढाई तिथेच होते.

आणि लढाई लांबते. मामलेदाराकडे अर्ज, उपजिल्हाधिकाऱ्याकडे अपील, पुढे प्रशासकीय न्यायाधिकरण. त्यात गोव्याची स्वतःची एक अडचण आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे अजून चालते. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, मुलामुलींचा वाटा सारखा. बायकांच्या हक्काच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट, पण भाटकार वारला की त्याच्या जागी वीस-पंचवीस वारस आणि त्यांचे जोडीदार प्रतिवादी होतात. एक पर्वरीला, एक मुंबईला, एक लिस्बनला. सगळ्यांना नोटिसा बजावेपर्यंत त्यातले दोघे वारतात आणि त्यांचे वारस शोधावे लागतात. मुंडकाराच्या घरातही अर्ज करणारा आजोबा, साक्ष देणारा बाप आणि तारखेला जाणारा नातू अशी रांग लागते. सरकारने अलीकडे शनिवारीही मुंडकारांच्या सुनावण्या ठेवल्या, जादा मामलेदार नेमले. 2014 मध्ये तर शेतीच्या कुळांचे खटले मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयात नेले गेले आणि दावा करायला मुदत घातली गेली. कुळ-मुंडकारांनी त्यावर गावोगाव सभा घेतल्या आणि पुढे तो बदल मागे घ्यावा लागला. वकिलाची फी हा गरिबाला होणारा दंडच असतो, हे त्या सभांत बोलणाऱ्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

आता मये. डिचोलीपासून जवळ, तळ्यासाठी पर्यटकांना माहीत असलेला गाव. गोवा मुक्त झाल्यावर काउंटचे घराणे निघून गेले आणि गावाची जमीन 1964 च्या निर्वासित मालमत्ता कायद्याखाली सरकारच्या कस्टोडियनकडे गेली. शेजारच्या गावातला मुंडकार भाटकाराविरुद्ध मामलेदाराकडे जाऊ शके. मयेकर कोणाविरुद्ध जाणार? भाटकार समुद्रापार आणि त्याच्या खुर्चीत खुद्द सरकार. सरकार मालक नव्हते, राखणदार होते, म्हणून ते देऊ शकत नव्हते. घर दुरुस्त करायचे, बँकेतून कर्ज घ्यायचे, भावाभावांत वाटणी करायची, तर परवानगीला कस्टोडियनचे कार्यालय. पोर्तुगीज गेल्यावर पन्नास वर्षे एक गाव पोर्तुगीज काउंटच्या नावे राहिले, हा स्वतंत्र भारतातला लाजिरवाणा विनोद आहे. भूविमोचनासाठी गावकऱ्यांनी समिती काढली, मोर्चे काढले, निवडणुकीत प्रत्येक पक्षाकडून वचने घेतली. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना 2014 मध्ये मालकी, पदव्या आणि जमिनीची इनामे रद्द करणारा कायदा विधानसभेने केला आणि पुढे सनदा वाटायला सुरुवात झाली. त्याही टप्प्याटप्प्याने, फॉर्म, नकाशे, हरकती यांच्या चाळणीतून. खाजगी भाटकाराला 1976 मध्ये जे सक्तीने करायला लावले, ते करायला सरकारने स्वतःसाठी आणखी अडतीस वर्षे घेतली.

या सगळ्यात दंड कुठे होता? कायद्याच्या शेवटच्या पानांवर दंडाची कलमे असतातच. पण भाटकाराला दंड झाला आणि त्यामुळे मुंडकाराचे भले झाले, असे या इतिहासात घडल्याचे दिसत नाही. भाटकाराकडून सरकारने पैसा नाही, जमीन घेतली, आणि जिथे ती घेतली गेली तिथेच फरक पडला.

पैशाचा दंड आता आला आहे. पेडण्याचा किनारा, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी, गेल्या दोन-तीन दशकांत भाड्याच्या खोल्यांनी भरला. मोप्याचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाल्यावर आतल्या गावांतही खोल्या चढल्या. तुयेच्या आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले ओडिशा, बिहार, झारखंडचे कामगार अशाच खोल्यांत राहतात. या खोल्या कोणाच्या? पुष्कळशा 1976 नंतर घर नावावर झालेल्या किंवा होऊ घातलेल्या कुटुंबांच्या. 300 चौरस मीटरांत मूळ घर, त्याला लागून सिमेंटच्या पत्र्याखाली चार खोल्या, एक सामाईक संडास. भाटकाराची राखण करणाऱ्याचा नातू आता घरमालक आहे. आणि 2024 मध्ये विधानसभेने भाडेकरूंच्या सक्तीच्या पडताळणीचा कायदा केला तो याच नातवासाठी: भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली नाही तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांवर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याचा बडगा वेगळा.

या दंडाचा रोख पाहण्यासारखा आहे. घरमालकाने भाडेकरूचे आधार कार्ड ठाण्यात दिले नाही तर गुन्हा. त्याच घरमालकाने आठ माणसे एका खोलीत कोंबली, पावती दिली नाही, अनामत परत केली नाही, सणासुदीला पर्यटक मिळतो म्हणून कामगाराला मध्येच बाहेर काढले, तर या कायद्याला त्याचे काही नाही. भाडेकरूचे रक्षण करायला निघालेले कायदे साठ वर्षांत भाडेकरूवर नजर ठेवणाऱ्या कायद्यापर्यंत आले. सुरक्षिततेची गरज खरी आहे, गुन्हे घडले आहेत, हे मान्य. पण ज्या राज्याने ‘राहील त्याचे घर’ म्हणत कायदे केले, 2025 मध्ये ‘म्हजे घर’ नावाची योजना काढून जुन्या घरांना कायदेशीर करायचे ठरवले, त्याला राहणाऱ्याचा हा दुसरा वर्ग अजून घराच्या हिशेबात धरावासा वाटत नाही.

पेडण्यातल्या खोल्यांचे करार अकरा महिन्यांचे असतात. त्यामागे नोंदणीचा खर्च वाचवण्याचा व्यवहार आहे. पण एक घरमालक दुसऱ्याला सल्ला देतो तेव्हा कारण वेगळे सांगतो: भाडेकरूला जास्त दिवस ठेवू नको, खोली बदलत राहा, उद्या तो मामलेदाराकडे गेला तर? ही भीती त्याला कायद्याच्या पुस्तकातून मिळालेली नाही. त्याच्या आजोबांनी नेमके तेच केले होते, आणि म्हणूनच आज तो मालक आहे.